रुळांवाचून गती

पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचे कौतुक करावे तेवढे थोडेच. २३५ किलोमीटरच्या या प्रकल्पाला आजवर चालना मिळाली, गती मिळाली, हिरवा कंदील मिळाला, पाठपुराव्याला यशही आले. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल, असे कारण निघून मार्ग शिर्डीकडे वळू लागला, तेव्हा प्रकल्पाला ‘नवी दिशा’सुद्धा लाभली. आता राहिले केवळ रूळ. ती किरकोळ बाब वगळून मूळ मार्गावरच्या मंचर, नारायणगावला थेट अभिनंदनाचे फलकच स्थानक म्हणून घोषित करावेत. सावली तरी मिळेल.

प्रवाशांनी धीर सोडू नये. अब्जावधी वर्षांपूर्वी अवकाशातून निघालेल्या रेडिओ लहरी खोडदला आजही पोहोचतातच. गाडीही येईल. आरक्षण मात्र पणतवंडांच्या नावे करावे.