सगळं ऑटोमॅटिक जातंय

रामनवमीला जांब समर्थला गेलं की देवाआधी मंडळाचे पदाधिकारी भेटतात. मंडळाचं नाव सांगत नाही. मी त्याचा आजीव सभासद आहे, आणि नाव सांगितलं तर त्यातला ‘आजीव’ हे लोक कमी करतील. एवढंच सांगतो, की मंडळ घनसावंगी तालुक्यातलं आहे, रजिस्टर्ड आहे आणि त्याला वेबसाइट आहे.

ही साइट वीस वर्षांपूर्वी सचिवांच्या भाच्यानं जालन्याच्या एका सायबर कॅफेत बसून केली. वर ‘सहर्ष स्वागत’ उजवीकडून डावीकडे पळतं. 2005च्या सभेच्या सूचनेपुढे ‘नवीन’ अजून लुकलुकतं. प्रत्येक पान म्हणजे वेगळी फाइल. एक वेलांटी सुधारायची तर फाइल उघडा, सुधारा, परत वर चढवा. हे चढवणं फक्त भाच्याला यायचं. भाचा पुण्याला गेला, त्याच्याबरोबर पासवर्डही गेला. इथल्या राममंदिरातल्या मूर्ती 2022च्या ऑगस्टात चोरीला गेल्या, ऑक्टोबरात सापडल्या. आमचा पासवर्ड अजून सापडायचा आहे.

तर अध्यक्षांनी मला मंडपात गाठलं. “गुरुजी, कलेक्टर ऑफिसची साइट बदलली. आपली तशीच हाय. आता सीएमएस करायचंय.”

म्हटलं, म्हणजे काय?

“लॉगिन करायचं, टाइप करायचं, बटन दाबायचं. फाइल नाय का कोड नाय. कुणीबी करंल.”

कुणीही करेल असं काम आपल्याकडे कोण करतं, हे मला चाळीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं आहे. मी विचारलं, जुनी पानं?

“ते सगळं ऑटोमॅटिक जातंय.”

गेलं. पासवर्ड नव्हता म्हणून पोरांनी पानं बाहेरूनच उतरवून घेतली आणि नव्या घरात ओतली. तिथं कळलं, की आमची जुनी मराठी मराठी नव्हतीच. त्या काळचे फाँट म्हणजे गणपतीतल्या नाटकातली पात्रं: वरून महाराज, आतून तलाठी. पडद्यावर दिसायचा ‘स’, आत बसलेलं असायचं भलतंच इंग्रजी अक्षर. फाँट उतरवला तसा रंग उतरला, आणि समर्थांच्या चरित्रात टक्के, डॉलर अन् तिरप्या रेघा निघाल्या. खजिनदार तेवढे डॉलर बघून थबकले.

मग युनिकोडात रूपांतर करणारं यंत्र आणलं. देवनागरी युनिकोडमध्ये 1991पासून आहे. ‘ॲ’ मात्र एकसंध अक्षर म्हणून 2008 साली आला. आमच्या साइटवर तो अजून पोचलेला नाही. तिथं ‘अ’ एका ओळीत राहतो, त्याचा चंद्र पुढच्या ओळीत.

पण खरी करामत ‘ऱ्य’ची. अर्धा र आणि रफार यांतला फरक यंत्राला कुणी सांगितलाच नव्हता. त्यामुळे सह्याद्रीच्या दऱ्यांत हिंडणारे समर्थ दर्यात हिंडू लागले. आणि ‘महाप्रसादाच्या आचाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार’ ही 2006ची बातमी ‘महाप्रसादाच्या आचार्यांचा सत्कार’ अशी झाली. सोबत फोटो आहे. हातात झारा धरलेले चार आचार्य. मी हे सभेत दाखवलं तर उपाध्यक्ष म्हणाले, “असू द्या गुरुजी, त्यांनी तक्रार केली का?” केली नव्हती. पदवी मिळाल्याची तक्रार कोण करतं?

सगळी पानं आत गेली आणि एकाच खणात पडली. खणाचं नाव ‘अनकॅटेगराइज्ड’. रामजन्माचं वर्णन, ऑडिट रिपोर्ट, बोअरच्या मोटारीचं कोटेशन, सगळे शेजारी शेजारी. पत्तेही बदलले. कुण्या विद्यार्थ्यानं जुनी लिंक वहीत लिहून ठेवली असेल, त्याला आता ‘पान सापडले नाही’ असं उत्तर मिळतं. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट लावून देता येते म्हणे. पण ती प्रत्येक पानाची लावावी लागते, आणि तेवढं एक ऑटोमॅटिक नव्हतं.

या गावात 1608 साली जन्मलेल्या माणसानं वीस दशक, प्रत्येकी दहा समास, आणि समासात ओव्यांना आकडे असा दासबोध केला. कोणत्याही छापखान्याची प्रत उघडा, दुसऱ्या दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खच भेटतो. साडेतीनशे वर्षांत त्यानं पत्ता बदललेला नाही. (अधूनमधून आमच्या सभांनाही येतो, ते वेगळं.) एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेवरच आहे. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं हवं, पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कड झडली तरी मजकूर झडत नाही. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी असंच एक स्थलांतर केलं. मठामठांतून बाडं जमवली, आणि डोमगावची समर्थशिष्य कल्याणस्वामींची प्रत पुढ्यात घेऊन दासबोध छापला. ती बाडं आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. देवांनी ती वाचली होती. यंत्र नव्हतं, दुसरा इलाज काय?

मी सभेत एवढंच म्हटलं, की कुणीतरी एकदा सगळी पानं वाचून काढू. सभा गप्प झाली. मग साइटचा रंग भगवा की केशरी यावर दोन तास चर्चा झाली, आणि नऊ जणांची मजकूर समिती नेमली. लॉगिन नऊ जणांना दिलं. ओटीपी अध्यक्षांच्या मोबाइलवर येतो. अध्यक्ष मोसंबीच्या बागेत असले की रेंज नसते.

उद्घाटन मंडपातच झालं. लॅपटॉपला हार घातला, कळी बटनात अडकली, ती काढली. पाहुण्यांनी क्लिक केलं आणि पडद्यावर पहिली नोंद आली: हॅलो वर्ल्ड. नव्या घराबरोबर फुकट येते ती. खाली लिहिलेलं असतं, की ही तुमची पहिली नोंद आहे, ती बदला किंवा काढून टाका, आणि लिहायला लागा.

अध्यक्षांनी ते बाहेरून आलेला शुभेच्छा संदेश म्हणून माइकवर मराठी करत वाचलं. टाळ्या पडल्या. मग आचार्यांनी पंगत वाढली.