ठसका लागला म्हणजे औषध लागलं!

ऐकलंत का? आमच्या लोणावळ्यात हल्ली बाळाच्या अंगाला लावायचं तेल आज्या पितात! हो हो, तेच ऑलिव्ह ऑइल. पत्र्याच्या डब्यातून यायचं, बाळाला चोळून उरलंच तर आजीच्या गुडघ्याला लागायचं. आता त्याचीच गडद काचेची बाटली आणि सकाळी अनशापोटी दोन चमचे. संधिवात, ल्युपस, थायरॉइड. शरीर स्वतःवरच उलटतं त्या साऱ्या दुखण्यांवर म्हणे हा एकच रामबाण!

बातमी फुटली पुण्याला जाणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात. गाडी सुटते न सुटते तोच आमच्या वहिनींनी पर्समधून बाटली काढली आणि झाकणभर तेल माझ्या हातावर ठेवलं. गिळलं मात्र, जीभ गप्प आणि घशात पार मागे चरचर! मी खोकून लालबुंद. वहिनी खूश. "ठसका लागला ना? मग अस्सल. औषध लागलं समज!"

आता खरी पंचाईत अशी, की वहिनी अगदीच थापा मारत नव्हत्या. गॅरी बोशाँ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला सिसिलीत ताजं तेल चाखताना अस्साच ठसका लागला. आयब्युप्रोफेनचं पातळ औषध घशाला जसं झोंबतं, तसाच. त्या झोंबण्याचा माग काढत 2005 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये जाहीर केलं, की तेलातलं ओलिओकँथल हे द्रव्य, सूज आणणाऱ्या ज्या एन्झाइमांना आयब्युप्रोफेन आवरतं, त्याच एन्झाइमांना आवरतं.

"बघा!" म्हणून वहिनी डब्यावर नजर फिरवतात, तोच खिडकीजवळच्या कॉलेजकन्येने हिशेब काढला. रोज 50 ग्रॅम तेल, म्हणजे जवळजवळ चार मोठे चमचे प्यायलं, तर आयब्युप्रोफेनच्या मोठ्या माणसाच्या डोसाच्या साधारण 10 टक्के पदरात पडतं. वर 450 कॅलरी! स्पेनमध्ये सेव्हिलच्या संशोधकांना ल्युपस आणि सांध्यांची सूज या तेलाने कमी झालेली दिसली खरी, पण उंदरांमध्ये. "आणि आपण कोण?" असं तिने विचारल्यावर डबा क्षणभर चिडीचूप.

मळवली आलं. इथून जवळच्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दिले, त्यावर त्यांची नावंही कोरलेली आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, ऑलिव्हच्याच मुलखातले! पण दोन चमचे अनशापोटी घ्या, असं काही कुठल्या खांबावर लिहिलेलं नाही.

कामशेतला ओळखीच्या एक काकू चढल्या. त्यांचीही बाटली! "मला बाई ठसकाबिसका नाही, सुळ्‌कन उतरतं. मानवलंय मला." वहिनींनी चष्मा वर करून लेबल वाचलं : पोमेस. म्हणजे ऑलिव्ह पिळून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून रसायन घालून काढलेलं आणि मग शुद्ध केलेलं. झोंबणारं द्रव्य त्यात राहतंय कुठे! मागच्या बाकावरून आवाज आला, "चोथा म्हणजे पेंडच की! ती आम्ही म्हशीला घालतो." काकूंचा चेहरा पाहवेना. त्या किमतीत घाण्याचं शेंगदाणा तेल किती आलं असतं, हा हिशेब कुणीतरी मोठ्याने केलाच.

पण खरा बॉम्ब पडला वडगावला. काकू हळूच म्हणाल्या, "तेल सुरू केल्यापासून मी ती आठवड्याची गोळी बंद केलीय. सकाळी बोटं जरा आखडतात, पण होईल कमी."

ती आठवड्याची गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. सांधे आतून पोखरले जाऊ नयेत म्हणून दिलेली. आता वहिनी टाळी देणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण त्या ताडकन म्हणाल्या, "गोळी बंद केलीस? वेडी का तू?"

"अहो, तुम्हीच ना म्हणालात, तेल हेच औषध?"

वहिनींनी इकडे तिकडे पाहिलं, पदर सावरला आणि पर्समधून चिक्कीचा छोटा डबा काढला. चिक्की कसली, आत गोळ्यांची पाकिटं! झाकणावर पेनाने लिहिलेलं : रविवार, रात्री.

"तेल मी पिते गं," त्या पुटपुटल्या, "पण ही कधी चुकवत नाही. आजच डॉक्टरांना फोन कर."

म्हणजे बघा! साऱ्या लोणावळ्याला तेल पाजणारी बाई चोरून गोळी खाते! तळेगाव येईस्तोवर ही बातमी पुढच्या डब्यात पोचलेली होती. मीच पोचवली. म्हटलं, तेलाची बातमी एवढी पसरली, तर गोळीचीही पसरू दे.