गाण्याचं दुसरं बारसं

'डर्टी ओल्ड टाउन' सुरू झालं की आयरिश पबमधली अर्धी मंडळी मायभूमीच्या आठवणीने गहिवरतात. त्या गाण्यातलं गाव इंग्लंडमधलं आहे, हा तपशील तिसऱ्या ग्लासानंतर किरकोळच. इवन मॅकॉलने ते १९४९ मध्ये लिहिलं, तेही सॅल्फर्ड या आपल्या धुरकट कारखानी गावावर. पुढे डब्लिनर्स आणि पोग्ज यांनी ते गायलं आणि गाणं आयर्लंडला दत्तक गेलं. तक्रार तरी कोणी करावी? मॅकॉल स्वतःच मूळचा जिमी मिलर. स्कॉटिश नाव त्याने मागाहून घेतलेलं.

'डॅनी बॉय'चे शब्दही एका इंग्रज वकिलाचे, फ्रेडरिक वेदरलीचे. चाल मात्र खरोखरच आयर्लंडची, आणि तिचं नाव 'लंडनडेरी एअर'. आता त्या गावाला डेरी म्हणायचं की लंडनडेरी, यावरून तिथे माणसाचा पक्ष ओळखतात. म्हणजे अस्सल आयरिश चाल सापडली, तर तिच्याच नावात लंडन!

आल्प्समधल्या आजीबाईंचं म्हणून ऐकवलं जाणारं 'एडलवाइस' तर १९५९ च्या ब्रॉडवे संगीतिकेसाठी दोन अमेरिकनांनी रचलेलं. फूल तेवढं खरं डोंगरातलं.