गोल आटलेल्या स्ट्रायकरचा निदानकार

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये संघ तालमीचा असतो. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा आणि त्याभोवती जमलेली पेठेतील मंडळी, ज्यांनी पुढे तांबड्या मातीबरोबर फुटबॉलचे मैदानही आपलेसे केले. अशा एखाद्या तालमीचा संघ गुणतक्त्यात तळाकडे घसरू लागला आणि त्याच्या स्ट्रायकरला, म्हणजे गोल करण्याची मुख्य जबाबदारी ज्याच्यावर असते त्या आघाडीपटूला, चार-पाच सामने जाळे सापडेनासे झाले, की पेठेत एका विशिष्ट जातकुळीचा गृहस्थ पुढे सरसावतो; त्याला सोयीसाठी ‘निदानकार’ म्हणता येईल.

हा गृहस्थ पन्नाशी ओलांडलेला असतो, शाहू स्टेडियमच्या ठरावीक पायरीवर बसतो आणि आपण एके काळी लेफ्ट आउटला, म्हणजे डाव्या कडेने धावणाऱ्या आघाडीपटूच्या जागी, खेळत होतो हे कोणी विचारण्यापूर्वीच सांगतो. गुडघ्याने दगा दिला नसता तर तो ज्या पातळीवर पोहोचला असता ती पातळी दरवर्षी थोडी वर सरकते, आणि सध्या तिने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांमधील राष्ट्रीय स्पर्धा, मागे टाकली आहे.

त्याच्या निदानाचा आरंभ शरीरापासून होतो. स्ट्रायकरचे वजन वाढल्याचे तो मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखतो, आणि वजन वाढलेले नाही असे सिद्ध झाल्यास अंगात ताकदच उरलेली नाही असा निर्वाळा देतो. बुटांच्या नारिंगी रंगाचाही उल्लेख होतो, परंतु त्याचा खरा आवडता सिद्धांत साखरपुड्याचा होय. “साखरपुडा झाल्यापासनं त्येचं ध्यान डीत न्हाई, मोबाईलात हाय,” असे तो म्हणतो. ‘डी’ म्हणजे गोलसमोरील पेनल्टीचे क्षेत्र. साखरपुड्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात त्याच पोराने दोन गोल मारले होते आणि त्याचे श्रेय होणाऱ्या सुनेच्या पायगुणाला दिले गेले होते, याची आठवण करून दिली असता पायगुणालाही मुदत असते असे उत्तर मिळते. जो सिद्धांत खोटा ठरू शकतो तोच शास्त्रीय, असे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी मांडले होते. निदानकाराचा एकही सिद्धांत आजवर खोटा ठरलेला नाही.

वस्तुतः घसरत्या संघातील स्ट्रायकरचे दुखणे बहुधा त्याच्या मागे वीस यार्डांवर असते. मधल्या फळीकडून पास येत नाही, म्हणून तो चेंडू आणायला स्वतःच मागे उतरतो, आणि कडेवरून क्रॉस, म्हणजे आडवा उंच पास, एकदाचा येतो तेव्हा डीत त्याच्याखेरीज सगळे असतात. निदानकाराला हे दिसत नाही असे नव्हे. मधल्या फळीत त्याचा पुतण्या खेळतो.

पेठेतील महाविद्यालयीन पोरे त्याला ‘अपेक्षित गोल’ ही संकल्पना समजावू पाहतात. पूर्वी तशाच अंतरावरून आणि कोनातून मारलेल्या फटक्यांपैकी किती आत गेले यावरून प्रत्येक फटक्याचे मूल्य काढले जाते, पेनल्टीचे ते साधारण पाऊण गोल भरते, आणि स्ट्रायकर संधी दवडतो की त्याला संधीच मिळत नाही याचा उलगडा त्यावरून होऊ शकतो. “पाऊण गोल पंच देतो व्हय?” या एका प्रश्नाने तो ही चर्चा संपवतो.

तरीही परदेशी दाखल्यांचे त्याला वावडे नाही. २०१९ मध्ये न्यूकॅसल युनायटेडने ४ कोटी पौंड मोजून घेतलेल्या ब्राझीलच्या जोएलिंतनने, क्लबचा जुना गोलवीर ॲलन शिअरर याची ९ क्रमांकाची जर्सी घालून, पहिल्या हंगामात लीगचे ३८ सामने खेळून केवळ २ गोल केले; २०२१ च्या अखेरीस प्रशिक्षक एडी हाऊ यांनी त्याला मधल्या फळीत नेले आणि तोच गडी त्या हंगामातील क्लबचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. हा दाखला निदानकाराला तोंडपाठ आहे, परंतु आपल्या पोरालाही मागे खेळवावे असे कोणी सुचवल्यास तो विषय बदलतो, कारण मागे जागा एकच आहे आणि ती घरात आहे.

पुढे कधीतरी कोंडी फुटते. कॉर्नरवरून आलेला चेंडू स्ट्रायकरच्या पाठीला आणि मग प्रतिस्पर्धी बचावपटूच्या गुडघ्याला लागून जाळ्यात जातो. पंच त्याची नोंद स्वयंगोल अशी करतात, तर निदानकार, सकाळीच मिसळीच्या दुकानात आपण पोराला दोन शब्द सुनावले होते असे सांगत, तो गोल आपल्या इलाजाच्या खाती जमा करतो. सामना संघाने ३-१ असा गमावलेला असतो.