सर्व्हरच्या उठाबशा

ऑफिसातला मेल सर्व्हर भर दुपारी आपोआप पडतो आणि दहा मिनिटांनी आपोआप उठतो. पहिले काही दिवस कुणी लक्ष देत नाही. ‘चालू झाला ना? मग झालं!’ दुरुस्तीची याहून स्वस्त व्याख्या अजून निघायची आहे. मग एके दिवशी साहेबांचंच मेल अडकतं आणि उठाबशांची चौकशी लागते.

हार्डवेअरवाला येऊन सांगतो, दोष सॉफ्टवेअरचा. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, रॅम बदलून बघा. दोघांचं मिळून व्होल्टेजवर एकमत होतं. इलेक्ट्रिशियन अर्थिंगकडे बोट दाखवतो, आणि अर्थिंग जमिनीत पुरलेलं असल्यामुळे त्याला खुलासा करता येत नाही. शेवटी एका शनिवारी सगळेच उपाय एकदम होतात. रॅम नवी, यूपीएसची बॅटरी नवी, अपडेट टाकलेले, एसी १८ वर. त्यानंतर चार दिवस सर्व्हर शहाण्यासारखा वागला तर नेमका गुण कशाचा आला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. श्रेय एसीला मिळतं. एसी कायमचा १८ वर राहतो आणि सर्व्हर रूममधलं पोरगं मे महिन्यात स्वेटर घालून बसतं.

या सगळ्यात प्रामाणिक असतो तो सर्व्हरच. विंडोज सर्व्हर अवचित बंद पडून उठला, की लॉगिन करणाऱ्यापुढे एक चौकट ठेवतो: संगणक अचानक का बंद पडला? मेलेल्यानेच उठून पंचनाम्याचा कागद पुढे करावा, तसा हा प्रकार. कारणांच्या यादीतून ‘अदर’ निवडलं की खाली शेरा लिहावा लागतो, नाहीतर ‘ओके’चं बटण पेटत नाही. म्हणून आपली माणसं तिथे एक टिंब देतात. बटण पेटतं, चौकट जाते. कित्येक सर्व्हरांचा सगळा वैद्यकीय इतिहास म्हणजे नुसती टिंबांची रांगोळी आहे.

विंडोज पडताना निळ्या पडद्यावर मृत्यूचं कारण उमटतं, पण ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वर मुळातच टिकमार्क असल्यामुळे ते वाचायच्या आत सर्व्हर उठलेला असतो. ती खूण काढा म्हटलं तर साहेब विचारणार, ‘म्हणजे तो बंदच राहणार?’ मागे राहतात त्या पडझडीची नोंद ठेवणाऱ्या डंपच्या फायली, आणि डिस्क भरली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते.

पण खरी गंमत एक्सचेंजमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरमध्ये आहे. २०१३ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने त्यात ‘मॅनेज्ड अव्हेलेबिलिटी’ नावाचा आरोग्यरक्षक बसवला. हा गृहस्थ रात्रंदिवस नाडी बघत असतो. एखादी सेवा आजारी दिसली की आधी ती रीस्टार्ट करतो, गरज पडली तर काम दुसऱ्या सर्व्हरकडे वळवतो, आणि तरीही भागलं नाही तर काही बाबतींत सरळ ‘विनइनिट’ या विंडोजच्या प्रोसेसचा गळा दाबतो. विनइनिट मेली की विंडोजला निळं पडून पुन्हा उठण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि रक्षकाला तेच हवं असतं. म्हणजे सर्व्हर पडत नाही, पाडला जातो. तोही तब्येतीच्या काळजीपोटी! बरं, गुन्हा काय? कधीकधी एवढाच, की डोमेन कंट्रोलर नावाचा भलताच सर्व्हर वेळेवर ओ देत नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

हा रक्षक काही लपवतही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आपल्या नोंदवहीत ‘फोर्सरीबूट’ असं वेळेसकट लिहून ठेवतो. ती नोंद बघायला पैसे पडत नाहीत, हाच तिचा मोठा दोष. रॅमला तीन कोटेशनं लागतात, टिपणी लागते, मंजुरी लागते. त्यात काम केल्यासारखं तरी वाटतं.

जाता जाता एक वाईट बातमी. मेल सर्व्हर पडला म्हणून बाहेरून येणारं मेल हवेत विरत नाही. मेल पोचवण्याच्या एसएमटीपी पद्धतीचा २००८ चा नियम, आरएफसी ५३२१, सांगतो की पाठवणाऱ्या सर्व्हरने निदान चार-पाच दिवस तरी पुन्हापुन्हा प्रयत्न करावा. तेव्हा ‘सर्व्हर डाउन होता, तुमचं मेल मिळालंच नाही’ ही सबब जपून वापरा.

आणि पुढच्या वेळी ती चौकट आली तर टिंब देऊ नका. किती वाजता पडला आणि त्याआधी कुणी काय बदललं, एवढं लिहा. मग नोंदवही उघडा, डोमेन कंट्रोलरची चौकशी करा, एका वेळी एकच गोष्ट बदला. एसी तेवढा आजच २४ वर आणा. सर्व्हरला चालतं, पोराला सर्दी झाली आहे.