बाराची बेरीज सोळा

परळीच्या माणसाशी औष्णिक केंद्राच्या राखेवरून खुशाल वाद घालावा, पण "वैद्यनाथ ज्योतिर्लिंग तर झारखंडात देवघरला ना?" असं विचारू नये. आमचे मामा अशा माणसाला आधी चहा पाजतात, मग सोलतात. "आवो पाव्हणं, त्यांचं बी आसू द्या. पण खरं हितं हाय. हितं लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं!" देवघरलाही घेता येतं, हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही.

दोष मामांचा नाही, ज्योतिर्लिंगांच्या बारा या आकड्याचा आहे. दिसायला मोठा गुणी. एक, दोन, तीन, चार, सहा, सगळ्यांनी भाग जातो, म्हणून डझनभर केळी कितीही पोरांत वाटा, पाच पोरं येईपर्यंत भांडण नाही. अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजली की बारा भरतात; आजीचा दुधाचा हिशोब त्यावरच चालायचा. (आमच्या जिल्ह्यात तालुके मात्र अकरा. अकराला एक आणि अकराशिवाय कशानेच भाग जात नाही. गटबाजीचं त्यावाचून कधी अडलं नाही.)

पण बाराचे हेच पाच भाजक मिळवून बघा. सोळा! बाराच्या पोटातून निघालेल्यांची बेरीज बारालाच भारी. सहाच्या भाजकांची बेरीज बरोबर सहा येते, म्हणून त्याला परिपूर्ण संख्येचा मान. बेरीज भारी पडली की विपुल; बारा ही सगळ्यात लहान विपुल संख्या. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी निकोमाकस या ग्रीक गणितज्ञाने अशा संख्यांना जास्तीचे अवयव फुटलेल्या जनावराच्या रांगेत बसवलं होतं. बारा भानगडी उगाच नाही म्हणत.

ज्योतिर्लिंगांचंही तेच. बारातली पाच महाराष्ट्रात, असं आपण छाती फुगवून सांगतो. पण परळीसमोर देवघर उभं. औंढा नागनाथासमोर द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर, असे दोन. भीमाशंकर तरी निर्धास्त वाटत होतं, तर २०२३ च्या महाशिवरात्रीच्या तोंडावर आसाम सरकारने गुवाहाटीजवळचं भीमाशंकर जाहिरातीत झळकवलं. बारा आणि हे चार, सोळा! भाजकांची बेरीज तंतोतंत जुळली. हिमाचलातलं बैजनाथ मी धरलेलं नाही; हिशोब बिघडतो.

हा शोध मामांना सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी चार वरकड हायेत, आसंच ना?"

"हो."

"मग झालं की! आपलं बारातलं हाय."