सबजंक्टिव्हकाका

पुण्यातल्या स्पॅनिशच्या क्लासात एक सबजंक्टिव्हकाका असतातच. बँकेतून निवृत्त, खिशाला दोन रंगांची पेनं, पहिल्या बाकावरची जागा कायमची राखीव. बाकीची पोरं नोकरीसाठी नाहीतर व्हिसासाठी येतात. काका निव्वळ क्रियापदांसाठी येतात.

साध्या वर्तमानकाळात त्यांचं मन रमत नाही. ‘तो बोलतो’, ‘ती खाते’, यात काय आहे? माणसाची इच्छा, शंका, आशा जिथे येते तिथे क्रियापदाचं वेगळं रूप, म्हणजे सबजंक्टिव्ह, लागतं, आणि काकांना तेवढ्यातच रस. चहाच्या सुट्टीत नवखा हाती लागला की सुरू होतात. “‘आब्लो’ घे, म्हणजे ‘मी बोलतो’. शेवटचा ‘ओ’ उडव. आता शेवटी ‘आर’ असलेल्या क्रियापदाला ‘ए’ लाव. ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांना ‘आ’. सरळ साटंलोटं!” मग डोळे मिटून, संथ लयीत: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन.

“काका, ते वोसोत्रोसचं, म्हणजे ‘तुम्ही सगळे’चं ‘आब्लेइस’ लॅटिन अमेरिकेत वापरत नाहीत ना?”

“म्हणून काय कोष्टकात भोक ठेवायचं?”

घरीही तेच. काकू म्हणाल्या, “पाऊस येईलसं वाटतंय,” की काका लगेच, “‘वाटतंय’ला साधा काळ. ‘वाटत नाही’ म्हणालीस तर सबजंक्टिव्ह!” एवढं समजावून ते छत्री न घेताच बाहेर पडतात.

मग एकदाचे लेकीकडे माद्रिदला जातात. बारमधला पोऱ्या विचारतो, काय देऊ? काकांना हवी ‘तोर्तिया’, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. नुसतं बोट दाखवलं तरी मिळतं. पण काका मनात ‘तुम्ही मला करून द्यावं’ असं वाक्य जुळवताहेत: “क्येरो के उस्तेद मे...” ‘प्रेपारार’, म्हणजे ‘आर’, म्हणजे ‘ए’, म्हणजे ‘प्रेपारे’... तोवर मागच्या तिघांचं खाऊन होत आलेलं. शेवटी लेकच ओरडते, “उन पिंचो दे तोर्तिया!”

पोऱ्या बशी ठेवतो आणि सवयीनं म्हणतो, “के आप्रोवेचे!” आपण ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, तसं.

काकांचा हात हवेतच थांबतो. ‘आप्रोवेचार’! अस्सल ‘आर’वालं, नियमित, सबजंक्टिव्हात, आणि बिलात न लावता! पेन बाहेर येतं, कागदी रुमाल पुढे ओढला जातो. आप्रोवेचे, आप्रोवेचेस, आप्रोवेचे...

“बाबा, गार होतंय. खा आधी.”

“थांब गं, वोसोत्रोस राहिलंय.”